शालनताईची जागा

"आज तू स्टेजवर यायचं नाहीस," बकुळाबाई आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाल्या. "शालनच्या जागी बसायचंस."

मी मोलकरणीचं लुगडं नेसून, कपाळाला आडवी चिरी लावून तयार होते. बाईंचा अर्धा चेहरा रंगलेला होता, अर्धा तसाच. दारात नाना भेंडे उभे होते, आमच्या कंपनीचे मालक. त्यांनी नाटकातल्या मिशा अजून चिकटवल्या नव्हत्या.

"मग माझं काम कोण करणार?" मी विचारलं.

"पडदे ओढणाऱ्या शांतारामची बायको उभी राहील," नाना म्हणाले. "चार वाक्यं तर आहेत."

चारच नव्हती. एक अख्खं पद होतं त्यात, अर्धं माझं आणि अर्धं नानांचं, आणि त्या पदाला बायका टाळ्या वाजवायच्या. पण शालनताईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. तशा घरात कोणी आपल्या टाळ्यांचं बोलत नाही. मी कपाळावरची चिरी पुसली.

हे निपाणीतलं. पन्नास सालानंतरचा काळ. तंबाखूच्या वखारींमागच्या मैदानात आमचं पत्र्याचं थिएटर उभं होतं आणि 'संगीत भाड्याची सासू'चे खेळ चालले होते. एका अनाथ मुलाचं लग्न जमत नाही, कारण घरात सासू नाही म्हणून मुलीकडचे नाकं मुरडतात. मग तो एक सासू भाड्यानं आणतो. ती भाड्याची सासू म्हणजे बकुळाबाई मांद्रेकर.

बाई गोव्यातल्या मांद्र्याच्या. लहानपणीच कंपनीत आल्या, पुढे नायिका झाल्या. पण लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते चाळिशीच्या आसपास, विनोदी कामं करू लागल्यावर. त्या नुसत्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपत आत यायच्या, सुनेकडे बघायच्या आणि काही न बोलता पुन्हा किल्ल्या चाचपायच्या. एवढ्यावर हजार माणूस हसायचं. आणि मग त्या गायच्या. विनोदी बाई इतकं गोड गाते याचंच लोकांना अप्रूप होतं.

पण बाई गात नव्हत्या. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ झाली होती. ती काढल्यावर बोलता आवाज थोडा घोगरा होऊन राहिला, तो विनोदाला उलट शोभला. गाता आवाज मात्र परत आला नाही. तेव्हापासून स्टेजवरच्या रंगवलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागे चटई टाकून त्यांची धाकटी बहीण शालन बसायची. ऑर्गनही समोरून उचलून तिच्या शेजारी आणला होता. भिंतीवर चुलीचं चित्र होतं आणि चुलीच्या काळ्या तोंडात एक भोक पाडलेलं. त्यातून शालनताईला बाईंची पाठ दिसायची. बाईंच्या खांद्याची पाती वर गेली की ती श्वास घ्यायची. बाई ओठ हलवायच्या, गाणं मागून यायचं.

हे बाई, नाना, ऑर्गनवाले वामनबुवा आणि आम्ही आतले दोघं-तिघं एवढ्यांनाच माहीत होतं. बाहेरच्यांना शालनताई म्हणजे बाईंचे कपडे सांभाळणारी, देवीच्या व्रणांनी चेहरा गेलेली, डाव्या डोळ्यानं अधू बहीण. निपाणीत मुक्काम पडला आणि तिला ताप भरला. त्या तापातच ती गेली.

खेळ काही दिवस बंद राहिले. शुक्रवारी दुपारचा बायकांचा खेळ मात्र टळण्यासारखा नव्हता. वखारीतल्या बायका त्या दिवशी लवकर सुटायच्या, पोरं काखेला मारून, डबे घेऊन यायच्या. त्यांच्या अंगाला तंबाखूचा वास असायचा, आणि त्या आल्या की सगळं थिएटर शिंकायचं.

मी चटईवर बसले. वामनबुवांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पट्टी जमेल ना?"

"जमेल."

पहिल्या अंकातलं भांडणाचं पद मी माझ्या आवाजात गायले. आवाज जरा पातळ पडला, पण बायका हसण्यात दंग होत्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या अंकातलंही निभावलं. तिसऱ्या अंकात, सगळं घर निजलेलं असताना, भाड्याची सासू एकटीच स्वयंपाकघरात येते. तिची स्वतःची मुलगी लहानपणीच गेलेली असते. दाराशी कोणी उभं आहे असं तिला वाटतं आणि ती गाते. सबंध नाटकात तेवढं एकच पद गंभीर होतं.

उंबऱ्यात कोण उभं, दिवा नाही हाती,
ये घरात, बैस जरा, सरू दे ग राती.

बाईंच्या खांद्याची पाती वर गेली. मी श्वास घेतला आणि गाऊ लागले. पहिल्या ओळीतच माझ्या लक्षात आलं की गळ्याला काही कष्टच पडत नाहीत. जिथे मी नेहमी अडखळायचे तिथून आवाज सहज वर निघून गेला. वामनबुवांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांची बोटं पुढे चालतच राहिली. आवाज शालनताईचा होता. तिच्यासारखा म्हणत नाही मी. तिचा.

पद दोन कडव्यांचं. दुसरं संपलं. पद संपलं म्हणून बाईंनी मान खाली घातली. पण मी थांबले नाही.

आत नको बोलावू ग, आतच मी होते,
काढ कडी, सोड पदर, वाट पुढे जाते.

असं कडवं त्या पदात नव्हतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. बाई स्टेजवर पाठमोऱ्या होत्या, त्या गर्रकन वळल्या आणि रंगवलेल्या चुलीकडे बघत उभ्या राहिल्या. प्रेक्षकांत एक पोर रडत होतं, तेही गप्प झालं. मग आपोआप माझं तोंड मिटलं. चुलीच्या भोकातून मला बाईंचा चेहरा दिसत होता, पण चपटा, एकाच बाजूनं. मी डोळ्याला हात लावला. माझा डावा डोळा मिटलेला होता, आणि तो मी मिटला नव्हता.

खेळ संपल्यावर बाई रंग न पुसता माझ्याकडे आल्या.

"ते कडवं तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"तिनं तुझ्याजवळ म्हटलं होतं कधी?"

"नाही, बाई. मला ठाऊकच नव्हतं."

बाईंनी माझ्या गालावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "थकलीस का ग?" त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या खोलीत झोपायला बोलावलं. शालनताईची गादी मला दिली. सकाळी स्वतः माझ्या डोक्याला तेल लावू लागल्या, घशाला ज्येष्ठमध देऊ लागल्या. त्यांच्याइतक्या मोठ्या नटीनं माझे केस विंचरावेत, मला काय वाटलं असेल सांगा. मी वाईची, एकोणिसाव्या वर्षी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध कंपनीत आलेली. आईच्या हाताचं तेल डोक्याला लागून कितीतरी वर्षं झाली होती.

त्या मला हाक मारायच्या ती मात्र शालन म्हणून. पहिल्यांदा चुकून. मग रोजच.

पुढचा प्रत्येक खेळ मी भिंतीमागे बसूनच गायले, आणि आता तिन्ही अंकांत तोच आवाज यायचा. ते जादा कडवंही दर वेळी यायचं. नाना खूश होते. बाईंचा आवाज पुन्हा तरुण झाला असं लोक म्हणत होते. पण एका सकाळी मी वखारींच्या मागे, जिथे कोणी नसतं तिथे गेले आणि माझं मोलकरणीचं पद म्हणून बघितलं. सूर लागला तो तिचा. खाली येऊन पाहिलं, वर जाऊन पाहिलं. मग लहानपणी आईनं शिकवलेली आरती म्हटली. तीही तिच्याच आवाजात. मी तिथे दगडावर बसून राहिले. मला माझा आवाज आठवेना.

आणखी एक झालं. आम्ही दुपारचे चहाला बसलो होतो, बाई, वामनबुवा आणि मी. बाईंनी विचारलं, "तुका उदक जाय?"

"नाका," मी म्हटलं. "मागीर."

वामनबुवांच्या हातातली बशी कलंडली. चहा त्यांच्या धोतरावर सांडला तरी ते पुसेनात. मला वाटलं त्यांना भोवळ आली. मग माझ्या लक्षात आलं. पाणी नको, नंतर, असं मी कोकणीत म्हटलं होतं, आणि मला कोकणी येत नव्हती.

बाई मात्र हसल्या. किती तरी दिवसांनी त्या मनापासून हसल्या होत्या, आणि मला भीती वाटली ती त्या हसण्याची.

बुवा संध्याकाळी मला विहिरीपाशी गाठून म्हणाले, "कुमुद, तू घरी जा. उद्याच्या मोटारीनं जा."

"का?"

"का ते विचारू नकोस."

"बुवा, तुम्हाला ते कडवं माहीत आहे. तुमची बोटं थांबली नाहीत त्या दिवशी."

बुवा खाली बसले. पंच्यानं तोंड पुसलं. "कडवं शालननंच रचलेलं," ते म्हणाले. "माझ्यासमोर म्हणून दाखवलं होतं. मला म्हणाली, बुवा, लोकांना वाटतं त्या पदात कोणीतरी बाहेरून आत यायला बघतंय. मला वाटतं ती आत आहे आणि तिला बाहेर जायचंय."

"म्हणजे?"

"मांद्र्यात एक शाळामास्तर होते. बायको वारलेली, पोरं लहान. त्यांनी शालनला मागणी घातली. तिचा चेहरा बघून घातली, न बघता नव्हे. तिलाही जायचं होतं. बाई म्हणाल्या, एवढा दौरा होऊ दे. मग पुढचा दौरा. मग त्याच्या पुढचा. इथे आलो तेव्हा ती तापानं फणफणत होती. गाण्यासाठी तिला मी आणि नानांनी धरून चटईवर बसवलं. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला आणि त्या स्टेजवर गेल्या." बुवा उठले. "मीही धरलं होतं तिला. म्हणून सांगतो, तू जा."

मी गेले असते तर तिचा आवाज तसाच घेऊन गेले असते. ते मला नको होतं.

शुक्रवार आला. दुपारी मी बाईंच्या खोलीत गेले. त्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवत होत्या.

"शालन, आज ते शेवटचं कडवं नको म्हणूस," त्या म्हणाल्या. "मला ते सोसत नाही."

"ते माझ्या हातात नाही, बाई."

"मग नुसतं तोंड मिटून घे दुसऱ्या कडव्यानंतर."

"शालनताईला मांद्र्याला जायचं होतं?"

जुडगा त्यांच्या हातातच राहिला. मला वाटलं त्या आता मारतील. पण त्या पेटीवर बसल्या.

"कुठे जाणार होती?" त्या म्हणाल्या. "कोणाच्या तरी पोरांचे शेंबूड पुसायला? इथे हजार माणसं तिचं गाणं ऐकत होती."

"तुमचं ऐकत होती."

"हो. माझं." त्या हळू बोलत होत्या. "ती गेली असती तर माझ्याजवळ काय उरलं असतं, सांग. घोगऱ्या आवाजाची एक म्हातारी. मी रोज म्हणायचे, पुढच्या वर्षी पाठवीन. खरंच पाठवणार होते. तुला खोटं वाटेल."

"मला नाही वाटत खोटं. पण ती अजून इथेच आहे, बाई."

"मला ठाऊक आहे," बकुळाबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी तुला जवळ झोपवते."

बाहेर पहिली घंटा झाली.

पहिले दोन अंक रोजच्यासारखे गेले. बायका पोट धरून हसत होत्या. तिसऱ्या अंकात दिवे मंद झाले. बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बुवांनी सूर दिला. बाईंच्या खांद्याची पाती वर गेली.

मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि वर दोन्ही हात दाबून धरले.

आवाज दातांपाशी आला होता. तो बाहेर पडायला बघत होता आणि माझा जबडा ठणकत होता, कानांत दडे बसले होते. बाईंचे ओठ हलले असणार, कारण प्रेक्षकांतून कुजबूज आली. बुवांनी तीच सुरावट पुन्हा वाजवली. खांदे पुन्हा वर गेले. गाणं नाही. विंगेतून नाना मला हातवारे करत होते. "गा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, गा." मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिसऱ्यांदा सुरावट आली, आणि बाई गाऊ लागल्या.

तो आवाज म्हणजे फाटकं सूप घासल्यासारखा. सूर लागत नव्हता, शब्द मध्येच तुटत होते. "उंबऱ्यात कोण उभं," त्या म्हणाल्या आणि खोकल्या. निपाणीच्या बायका एरवी गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी कोणी शिट्टी मारली नाही की हसलं नाही. बाईंनी दोन्ही कडवी कशीबशी ओढत नेली. मग त्या वळल्या, चुलीच्या भोकाकडे बघून, सरळ माझ्याकडे बघून, तिसरं कडवं म्हणू लागल्या. पण शब्द त्यांचे होते.

आत नाही ओढत ग, कडी काढली मी,
जा तुझ्या वाटेनं तू, सोडला पदर मी.

माझ्या तोंडातला जोर एकदम गेला. जबडा ढिला पडला. हात खाली आले.

आणि कोणीतरी बाईंच्या बरोबरीनं गात होतं. माझं तोंड पदराच्या बोळ्यानं भरलेलं होतं. बुवा मला बघत होते, मी त्यांना बघत होते. गाणं भिंतीमागून येत नव्हतं. ते समोरून, प्रेक्षकांतून येत होतं, शालनताईच्या आवाजात, आणि ते सरकत होतं. मी भोकाला डोळा लावला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. मग त्यांच्या मागच्यांनी. मग त्यांच्या मागच्यांनी. मधल्या वाटेनं कोणी चालत जात असेल तर बघावं तशा त्या एकेक रांगेनं वळत होत्या. एका म्हातारीनं पाय आखडून वाट दिली. शेवटी दाराशी पोत्याचा पडदा होता, तो बाजूला झाला, दुपारचं ऊन पट्ट्यासारखं आत आलं आणि पडदा पुन्हा पडला.

पद संपलं होतं. बाईंचा एकटीचा श्वास ऐकू येत होता.

बकुळाबाई त्यानंतर कधी गायल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी कोणाला गाऊही दिलं नाही. गाण्याची कामं सोडून त्यांनी पुढे गद्य फार्स केले, आणि त्या फार्सांनीच त्यांचं नाव झालं. आता लोकांना आठवतात त्या याच बाई. मी त्या मोसमात मोलकरणीचं काम पुन्हा केलं. माझा आवाज यायला पावसाळा उलटावा लागला, आणि आला तो पूर्वीपेक्षा जरा जाड होऊन. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी नाटकाचा शेवटचा प्रवेश अजून बाकी होता, सगळ्यात हसवणारा, ज्यात मेली असं समजलेली खरी सासू उगवते आणि दोघींची जुंपते.

बाई विंगेत येऊन उभ्या होत्या. नाना काही बोलायला पुढे झाले. तेवढ्यात मागच्या बाजूनं तिकिटं बघणारा सिद्राम आत आला. नेहमी दारावर असायचा, खेळ चालू असताना कधी आत यायचा नाही.

"मालक, एक बाईमाणूस मधीच उठून गेली," तो नानांना म्हणाला. "गर्दीतली नव्हं. मी परतीचा पास द्याला लागलो, तर नगं म्हणाली."

"अजून काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई. परत यायचं न्हाई म्हणाली."

"चेहरा बघितलास?"

सिद्रामनं जरा आठवून बघितलं. "उनात गेली ना लगेच. चेहरा चांगला हुता की," तो म्हणाला. "घाईत हुती."

बाईंनी विंगेच्या खांबाला धरलं. स्टेजवर खऱ्या सासूनं तिचं वाक्य म्हटलं, आणि उत्तर न मिळाल्यामुळे पुन्हा म्हटलं. बाईंनी पदरानं डोळे टिपले, रंग पसरू नये म्हणून अगदी हलक्या हातानं. मग कमरेच्या किल्ल्या चाचपल्या आणि त्या उजेडात गेल्या.

पहिला हशा आला तेव्हा सिद्राम अजून माझ्याजवळच उभा होता. तोही हसला.